कासव, क्वारंटाइन आणि साबण

मंडळी, २०२० मध्ये 'क्वारंटाइन' हा शब्द घरोघरी पोचला, पण तो आहे भलताच जुना. १३७७ साली एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रगुसा (आजचं दुब्रोव्हनिक) शहराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस गावाबाहेर थांबवायचं ठरवलं. पुढे ३० चे ४० झाले आणि इटालियनमधल्या 'चाळीस'वरून हे नाव पडलं. हिशोब सोपा होता. रोग असेल तर तेवढ्यात दिसेल, नाही दिसला तर या आत!

कासवं, इग्वाना, साप पाळणारे हौशी लोकही हेच करतात. नवा प्राणी आणला की त्याला महिना-दोन महिने वेगळ्या टाकीत ठेवतात. जंत, गोचीड, श्वासाचे विकार तेवढ्यात लक्षात येतात आणि घरातले जुने प्राणी वाचतात. पण एक जिवाणू या हिशोबात बसतच नाही, तो म्हणजे साल्मोनेला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात तो सुखाने नांदतो. प्राणी ठणठणीत दिसतो. शिवाय जिवाणू विष्ठेतून रोज बाहेर पडेलच असं नाही. म्हणजे आज रिपोर्ट निगेटिव्ह, पुढच्या आठवड्यात पॉझिटिव्ह. डाइक्स्ट्राने आपल्या धंद्याबद्दल हेच सांगून ठेवलंय. टेस्टिंगमुळे बग आहे हे कळतं, बग नाही हे कधीच कळत नाही :-)

अमेरिकेला हा धडा फार महागात पडला. तिथे १९६० च्या दशकात लाल कानपट्टीची इवलीशी कासवं अगदी स्वस्तात मिळायची. सोबत प्लास्टिकचं भांडं आणि त्यात प्लास्टिकचं ताडाचं झाड. पोरं खूश. १९७० च्या सुमारास अंदाज निघाला की वर्षाला सुमारे २,८०,००० लोकांना कासवांमुळे साल्मोनेलाची बाधा होतेय. त्यात मुलंच जास्त.

मग सरकारने आधी काय केलं? सर्टिफिकेट मागितलं! १९७२ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी कासवं साल्मोनेलामुक्त असल्याचा दाखला लागायचा. दाखला मिळालेली कासवंही पुढे जिवाणू सोडतच राहिली. शेवटी १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आली. ४ इंचच का? तर त्याहून मोठं कासव लहान मुलाच्या तोंडात मावत नाही म्हणून. (मला हा नियम फार आवडतो. मुलं काय करणार हे गृहीत धरूनच केलेला!) या बंदीमुळे दरवर्षी मुलांमधल्या सुमारे १,००,००० केसेस टळल्या, असा अंदाज १९८० मध्ये मांडला गेला.

निर्यातीला मात्र मोकळीक होती. लुइझियानातल्या कासव-फार्मवाल्यांनी अंड्यांना जेंटामायसिन या अँटिबायोटिकची ट्रीटमेंट द्यायला सुरुवात केली. परिणाम? त्या औषधाला दाद न देणारा साल्मोनेला निर्यातीच्या कासवांत सापडला. म्हणजे बग फिक्स करायला गेलो आणि नवा बग प्रॉडक्शनला गेला.

आता सगळ्यात बोलकी गोष्ट. १९९६ च्या जानेवारीत डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन बघून आलेले ६५ जण आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. गंमत म्हणजे ड्रॅगनला त्यांच्यापैकी एकानेही हात लावला नव्हता. हात लावला होता तो पिंजऱ्याभोवतीच्या लाकडी कठड्याला. आणि बघून झाल्यावर तिथेच हात धुतलेली मुलं बऱ्याच अंशी वाचली होती.

मला वाटतं सगळं सार यातच आहे. क्वारंटाइन तुमच्या दुसऱ्या प्राण्यांना वाचवतं, तुम्हाला नाही. दाखला कालचा असतो, हात आत्ताचे. प्राण्याला शिवला नाहीत तरी त्याची टाकी, पाणी, भांडी, झाकण यांना हात लागतोच. म्हणून प्रत्येक वेळी साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद. क्वारंटाइनमधल्या प्राण्याचं काम सगळ्यात शेवटी. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही. हात मळलेले असतील तर नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. आणि घरात ५ वर्षांखालचं मूल किंवा नाजूक तब्येतीचं माणूस असेल तर असा प्राणी आणूच नये.

तीच लाल कानपट्टीची कासवं मुंबई-पुण्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानांतही विकली गेली आहेत, 'लकी' म्हणून. २००७ मध्ये फ्लोरिडात काही आठवड्यांचं एक बाळ अशाच छोट्या कासवाच्या साल्मोनेलाने गेलं. एवढ्याशा बाळाने कासव हातात धरलं असेल का? मोठ्यांचे हात पोचले असणार. असो. कुणाकडे कासव असेल तर हे वाचून झाल्यावर बाकी काही करू नका, बेसिनशी साबण आहे का तेवढं बघा.