शिळेवरचे कासव आणि निनावी मुसव्विर

आपल्याकडच्या जुन्या घरांत अजूनही एखादी शिळाछाप किताब सापडते. तिच्या शेवटच्या पानावर पुष्कळदा कातिबाचे नाव आणि हिजरी सन असतो. तेलकट शाईचे अक्षर चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर घ्यायचे, शिळा ओली करायची, मग छपाईची शाई फक्त अक्षराला धरते. नस्तालिकचे वळण या छपाईत जसेच्या तसे उतरे. शिळेने कातिबाचा हात जपला आणि नावही जपले.

याच तंत्राने लंडनमध्ये १८३० पासून 'इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन झूलॉजी' हा ग्रंथ निघू लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यातले अधिकारी थॉमस हार्डविक यांनी हिंदुस्थानात हजारो प्राणिचित्रे जमवली होती. त्यांतून जॉन एडवर्ड ग्रे यांनी निवड केली आणि दोन खंडांत २०२ शिळाछाप चित्रे हाताने रंगवून प्रसिद्ध झाली. १८३५ मध्ये हार्डविक वारले. ग्रंथाचा मजकूर कधी छापलाच गेला नाही. उरली ती चित्रेच.

त्यांत गंगेच्या खोऱ्यातले एक कासव आहे. विणीच्या हंगामात या जातीच्या नराचे डोके लालभडक होते. ग्रे यांनी १८३१ मध्ये त्याला 'एमिस कचुगा' हे शास्त्रीय नाव दिले. 'कचुगा' म्हणजे आपल्या बोलीतला 'कछुआ'च!

हार्डविक यांच्या संग्रहातली बहुतेक चित्रे हिंदी चित्रकारांनी काढलेली होती. संग्राहकाचे नाव राहिले, निवड करणाऱ्याचे राहिले, शिळेवर चित्रे उतरवणाऱ्या वॉटरहाऊस हॉकिन्सचेही राहिले. कासवाची बोलीसुद्धा लॅटिनमध्ये जाऊन बसली. ज्यांनी जनावर समोर ठेवून खवला-खवला रंगवला, ते मुसव्विर मात्र बहुतांशी निनावीच राहिले.

त्यांना सही करता येत नव्हती म्हणावे, तर तसेही नाही. १७७७ ते १७८२ या काळात कलकत्त्यात लेडी इम्पे यांच्यासाठी पशुपक्षी रंगवणाऱ्या पाटण्याच्या शेख जैनुद्दीनचे नाव चित्रांवर फारसीत आहे. त्याचे सोबती भवानीदास आणि रामदास यांचीही नावे टिकली. म्हणजे नाव लिहिण्याची रीत होती. ती छापील पानापर्यंत पोहोचली नाही.

आज ते कासव नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याचा मोठा आसरा चंबळ नदी. त्याला वाचवू पाहणाऱ्यांना निदान त्याचे नाव ठाऊक आहे. चित्रकाराला हाक मारायची, तर कोणत्या नावाने?