अंगावर काढणं: कापूरहोळ ते वेल्हे, एका दुखण्याचा इतिहास

हेडफोन लावलेत ना? आज लावाच. कारण आजचा विषय एसटीत स्पीकरवर लावलात तर शेजारची मावशी मान वळवून बघेल. खरं तर तिनेही ऐकायला हवाय, पण ते नंतर.

मागच्या महिन्यात वेल्ह्याकडच्या एका मैत्रिणीचा रात्री साडेबाराला मेसेज आला. "छातीत दुखतंय. डावीकडे. आठ दिवस झाले. गूगल केलं, आता झोप येत नाही." वय सव्वीस. मला आधी वाटलं हार्टचं काहीतरी. घाबरून फोन लावला. श्वास लागतोय का, घाम येतोय का, हात दुखतोय का, सगळं विचारलं. दोन मिनिटं ती नुसती "नाही, नाही" करत होती. मग हळूच म्हणाली, "अगं छातीत म्हणजे... तसं छातीत नाही गं."

म्हणजे स्तनात. हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, तोंडाने म्हणत नाही. मराठीत हृदय दुखलं तरी छातीत दुखतं आणि स्तन दुखला तरी छातीतच दुखतं. डॉक्टरांसमोरही बाई तेवढंच बोलते आणि मग ईसीजी काढून, "सगळं नॉर्मल आहे" ऐकून घरी येते. मूळ दुखणं सांगायचं राहूनच जातं.

आणखी एक गंमत बघा. बाळाला दूध पाजणं म्हणजे आपल्याकडे "अंगावर पाजणं". दूध म्हणजे "अंगावरचं दूध". आणि दुखणं कुणाला न सांगता, औषध न घेता सोसत राहणं म्हणजे? "अंगावर काढणं". शब्द तोच, अंग. आपल्या आज्यांनी या अंगावर पोरं वाढवली आणि दुखणीही याच अंगावर काढली. 

आता चला कापूरहोळला. पुण्याहून सातारा रस्त्याने येताना भोरला वळायचा फाटा लागतो, तेच कापूरहोळ. तिथे वडापाव खाऊन पुढे गेला असाल. १४ मे १६५७ रोजी जवळच्याच पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाई, फलटणच्या निंबाळकर घराण्यातल्या. बाळंतपणानंतर त्यांची तब्येत ढासळली, बाळाला दूध पुरेना, असं सांगतात. मग कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊंना बोलावणं गेलं आणि त्या संभाजीराजांच्या दूधआई झाल्या. त्यांचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे राजांचे दूधभाऊ, पुढे त्यांच्या सोबत राहिले.

जरा थांबून विचार करा. स्वराज्याचे दुसरे छत्रपती भोर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातल्या बाईच्या दुधावर वाढले. दूध पाजणारीला काय काय होतं, हे ज्या घरात बाळंतीण असते त्या घराला माहीत असतं. दूध दाटून स्तन दगडासारखा होतो, लाल होतो, ताप भरतो, बाळ ओढायला लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. धाराऊंना हे झालं असेल का? झालं असेल तर कुणाला सांगितलं असेल? त्यांचं नाव इतिहासात आलं ते दुधामुळे, पण त्यांच्या दुखण्याची ओळ कुठे नाही.

सईबाईंचंही तेच. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्या गेल्या. बाळ सव्वादोन वर्षांचं. राजगडाला पाली दरवाजाच्या वाटेने चढणारे ट्रेकर्स पायथ्याच्या पाल खुर्दवरून जातात. तिथे त्यांची समाधी आहे. पुढच्या वेळी रील बनवायच्या आधी तिथे दोन मिनिटं थांबा. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली अफजलखानाचा वध झाला. ती तारीख शाळेतल्या पोरालाही पाठ असते. सईबाई मात्र "आजारी होत्या", यापलीकडे कागद बोलत नाहीत. कुठे दुखत होतं, किती दिवस, कुणाला सांगितलं, काही नाही. आणि हो, उगीच आजच्या एखाद्या आजाराचं लेबल त्यांना लावू नका. मला फक्त एवढंच म्हणायचंय की राणी असली तरी बाईचं दुखणं नोंदवायची पद्धत नव्हती.

हे आपल्याकडेच असं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या दरायस बादशहाची राणी होती, अटोसा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की तिच्या स्तनावर गाठ आली. लहान होती तोवर लाजेने तिने लपवली, कुणाला सांगितलं नाही. गाठ फुटून पसरायला लागली तेव्हा तिने डेमोसिडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावलं. तो कैदी म्हणून तिथे आलेला. त्याने तिला बरं केलं, असं हेरोडोटस सांगतो. ती गाठ नेमकी कसली होती यावर आजही वाद घालता येईल. पण "लाज वाटली म्हणून लपवली" हे वाक्य अडीच हजार वर्षं जुनं आहे, हे लक्षात ठेवा.

मग बदललं काय? माझ्या मते औषधांच्या आधी एक गोष्ट बदलली: दाखवायला बाई मिळाली.

आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत, सिनेमाही येऊन गेलाय. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं. मुद्दा हाच की पुरुष डॉक्टरांना अंग दाखवायला बायका तयार होत नाहीत, म्हणून इथे स्त्री डॉक्टर पाहिजेत. १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, पण ती सांभाळण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. बावीसही पूर्ण नव्हती. आधीच्याच वर्षी, १८८६ मध्ये, मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं होतं, बायकांसाठी आणि बायकांनी चालवलेलं. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि तिथून बायका नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यात विधवा होत्या, ज्यांना घरात कुणी विचारत नव्हतं.

तरी पुण्याचं पुण्यात. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झालं. डोंगरातल्या वाडीवरच्या बाईला पुण्याची डॉक्टरीण काय आणि विलायतेची काय, सारखीच लांब. कॅन्सरसाठी परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. पण हॉस्पिटल बांधलं म्हणून माणसं येतात असं नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीला सुरू झाली, तेव्हा कार्यकर्त्यांना गावोगाव फिरावं लागलं. लोक आपणहून येत नव्हते, म्हणून नोंदणीच लोकांकडे गेली.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांत काय केलं? महागडं मशीन नेलं नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येऊन हाताने स्तन तपासायच्या. बास, हात. उरलेल्या वस्त्यांत फक्त एकदा माहिती दिली. वीस वर्षांचे निकाल २०२१ मध्ये छापून आले. तपासणी झालेल्या गटात ज्यांना कॅन्सर निघाला, त्यांतल्या ३७ टक्के तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडल्या. दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घ्यायला मला आवडत नाही.

याच वाटेने २०१६ मध्ये सरकारने ठरवलं की तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची तपासणी व्हावी; बायकांची स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. त्यात बायकांना विचारायचे प्रश्न आहेत: स्तनात गाठ आहे का? बोंडातून रक्तासारखं पाणी येतं का? स्तनाचा आकार बदललाय का? 

काही खटकलं? "दुखतं का?" हा प्रश्न त्यात नाहीच.

माझ्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. ज्याने तिची झोप उडाली होती ते त्या यादीतच नाही. कारण स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. आणि नुसतं दुखतंय, गाठ नाही, दुसरं काही नाही, तर त्यामागे कॅन्सर क्वचितच निघतो. पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही बाजूंनी जड वाटणं, काखेपर्यंत ठणकणं आणि पाळी आली की ओसरणं, हे हार्मोन्सचं काम. एकाच जागी दुखत असेल तर कधी स्नायू, कधी बरगडी, कधी पाण्याची गाठ, कधी चुकीच्या मापाची ब्रा. गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या असतील तर त्याही. दिवस गेले असतील तरी दुखतं, तेव्हा ती तपासणी आधी.

म्हणून पहिलं काम गूगल नाही, कॅलेंडर. कोणत्या तारखांना दुखलं, पाळी कधी आली, दोन महिने मोबाईलमध्ये लिहून ठेवा. पाळीबरोबर येऊन पाळीबरोबर जात असेल तर घाई नाही; त्रास सोसवत नसेल तर मात्र बिनधास्त दाखवा. पाळीशी काही संबंध नाही, एकाच जागी दोन-तीन आठवडे दुखतंय, तर दाखवायचंच.

आणि पुढच्या गोष्टींसाठी कॅलेंडर नको, त्याच आठवड्यात जा: स्तनात किंवा काखेत गाठ लागणं, *दुखत नसली तरी*. कातडीला खळगा पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. बोंड नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, त्यावर न भरणारी जखम. दूध पाजणारी असाल, स्तन लाल-गरम आणि ताप, तर आठवडा कसला, त्याच दिवशी जा. आणि डॉक्टर थांबवत नाहीत तोवर पाजणं सहसा बंद करायचं नसतं. छातीत दाबल्यासारखं, श्वास लागतोय, घाम, हातात किंवा जबड्यात कळ, तर हा विषयच वेगळा, १०८ ला फोन करा. पोरांनो, तुम्हीही ऐका, गाठ तुम्हालाही होऊ शकते.

जायचं कुठे? वेल्ह्यात ग्रामीण रुग्णालय आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात केली तरी चालतं. "मला बाई डॉक्टर किंवा सिस्टर पाहिजे" असं म्हणायला लाजू नका. आनंदीबाई त्याचसाठी बोटीत बसल्या होत्या. तिथे गेल्यावर "छातीत" म्हणू नका, "स्तनात दुखतंय" म्हणा. तिथे आधी हाताने तपासतात, तरुण मुलींना गरज वाटली तर सोनोग्राफी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी, गाठ असेल तर सुईने तुकडा काढून तपासणी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही अफवा आहे. तिच्यापायी किती गाठी वाढत राहिल्या असतील.

मैत्रीण गेली. तिचं पाळीचंच निघालं, ब्रा बदलायला सांगितली आणि तारखा लिहायला. संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने आईला सगळं सांगितलं, हसत हसत, की बघ कशी उगीच घाबरले. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मलाही आहे की एक गाठ, उजवीकडं. पावसाळ्याआधीपासनं. पण ती काय दुखत नाही गं."

गुरुवारी दोघी सकाळच्या एसटीने भोरला जातायत. मैत्रिणीने कामावर रजा टाकलीय. आईचं म्हणणं आहे की लावणीची घाई संपू दे, मग बघू. मैत्रिणीने तिला सांगितलंय, लावणीला मी येते, तू एसटीत बस.