तोफेचा गोलंदाज

वेदीवर आपण ग्लॅडिओलसची फुले सजवितो, तेव्हा तेथे तलवारी मांडीत आहोत हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. लॅटिनमध्ये ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार व ‘ग्लॅडिओलस’ म्हणजे लहान तलवार. पात्यासारख्या पानांमुळे फुलाला हे नाव पडले आणि इंग्रजीने ते जसेच्या तसे उचलले.

आपल्या मराठीतही असा एक शब्द आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातला ‘गोलंदाज’ तोफ डागणारा आहे. फारसी ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा. १७६१ साली पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यात होते, ते हे गोलंदाज. पुढे क्रिकेट आले, गोळ्याचा चेंडू झाला. त्याच्या जोडीला घडविलेला ‘फलंदाज’ मात्र आम्हांस किंचित लंगडा वाटतो. बिचारा फळी फेकीत नाही, घट्ट धरून उभा असतो!

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा. २०२१ साली विदर्भाकडून मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली. दोन बळी घेतले आणि धाव एकही दिली नाही. आमच्या मैदानावरील मुलांना आम्ही ‘गोलंदाज म्हणजे कोण?’ असे विचारतो, तेव्हा ती त्याचे नाव घेतात. तोफेचे नाव अद्याप एकानेही घेतलेले नाही.