प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम : सुरुवात कशी करावी?

बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा पहिल्याच वर्षी ‘प्रोग्रामिंग’ हा विषय भेटतो. शाळेतील इतर विषयांहून त्याचे स्वरूप निराळे आहे. येथे उत्तर लिहायचे नसते, तर उत्तर काढण्याची रीत लिहायची असते. आणि तीही अशा यंत्रासाठी, ज्याला लिहिणाऱ्याच्या मनातील हेतू कळत नाही. सांगितले तेवढेच आणि सांगितले त्याच क्रमाने ते करते. हे वेगळेपण पहिल्या काही आठवड्यांत उमगले नाही, तर हुशार विद्यार्थ्यालाही हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा वाटू लागतो.

भाषा कोणती?

प्रोग्रामिंग सर्वांना शिकता यावे, हा विचार जुना आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये ‘बेसिक’ ही भाषा तयार केली, ती विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. १९७० मध्ये निकलाउस विर्थ यांनी ‘पास्कल’ प्रसिद्ध केली. तिचाही एक मुख्य हेतू अध्यापन हाच होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी डेनिस रिची यांनी घडवलेली ‘सी’ आणि १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली ‘पायथन’ या भाषा आज पहिल्या अभ्यासक्रमात विशेष आढळतात.

‘सी’ की ‘पायथन’, या प्रश्नावर विद्यार्थी व पालक बराच खल करतात. मात्र या अभ्यासक्रमाच्या उत्तीर्णतेचा आंतरराष्ट्रीय आढावा वेगळेच सांगतो. २००७ मधील एका पाहणीत उत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ६७ टक्के आढळले. १५ देशांतील १६१ अभ्यासक्रमांची माहिती तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासातही ते जवळपास तेवढेच निघाले, आणि शिकवण्याची भाषा बदलल्याने त्यात लक्षणीय फरक पडत नसल्याचे दिसले. म्हणजे साधारणपणे तिघांपैकी एक विद्यार्थी अडखळतो आणि त्याचे कारण केवळ भाषेत नसते.

अडते कोठे?

पहिली अडचण बरोबरच्या चिन्हाची. बीजगणितात ‘क = क + १’ हे विधान अशक्य ठरते. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत मात्र ती आज्ञा आहे : ‘क’ या चलात जे मूल्य आहे, त्यात १ मिळवा आणि येणारे मूल्य पुन्हा ‘क’ मध्येच ठेवा.

दुसरी अडचण क्रमाची. ‘अ’ मध्ये ५ आणि ‘ब’ मध्ये ८ आहेत. त्यांची अदलाबदल करायची आहे. ‘अ = ब’ आणि मग ‘ब = अ’ असे लिहिले, तर दोन्हींत ८ उरतात, कारण पहिल्याच ओळीत ५ पुसले गेले. एका पेल्यातील ताक आणि दुसऱ्यातील सोलकढी यांची अदलाबदल करण्यास तिसरा पेला लागतो, तसे येथे तिसरे चल घ्यावे लागते. मात्र ही उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी : पेला ओतल्यावर रिकामा होतो, तर चलातील मूल्याची केवळ नक्कल होते आणि मूळ मूल्य जागेवरच राहते.

तिसरी अडचण बारीक नियमांची. ‘सी’ मध्ये ७ या पूर्णांकाला २ ने भागल्यास ३ मिळतात. ‘पायथन’च्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या भागाकाराने ३.५ मिळतात. ‘पायथन’मध्ये १ ते १० अशी मर्यादा दिलेली आवर्तने ९ वरच थांबतात. अशा वेळी संगणक चूक दाखवत नाही, चुकीचे उत्तर देतो.

आधी वाचन, मग लेखन

रेमंड लिस्टर आणि सहकाऱ्यांनी सात देशांतील विद्यार्थ्यांवर केलेल्या २००४ च्या अभ्यासात असे दिसले, की अनेकांना छोटी आज्ञावली वाचून तिचे फलितही नेमके सांगता येत नव्हते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन आज्ञावली ओळीओळीने चालवून पाहणे, हा पहिल्या महिन्यातील सर्वांत उपयुक्त सराव होय. १ ते ४ या अंकांची बेरीज करणारी आज्ञावली घ्यावी, प्रत्येक चलासाठी एक रकाना आखावा आणि प्रत्येक फेरीनंतरचे मूल्य लिहावे. बेरजेच्या रकान्यात ०, १, ३, ६, १० असे आकडे उतरले, की आवर्तन म्हणजे काय हे डोळ्यांना दिसते.

त्रुटीचा संदेश आला की घाबरून सारी आज्ञावली पुसू नये. संदेशातील ओळीचा क्रमांक पाहावा. दोष बहुधा त्या ओळीत किंवा तिच्या अगदी आधीच्या ओळीत सापडतो.

मराठीतून विचार

गोव्यातील अनेक विद्यार्थ्यांचे प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोकणीतून होते. पदवीची पाठ्यपुस्तके मात्र इंग्रजीत असतात. त्यांनी रीतीचे टप्पे आधी आपल्या भाषेत मांडावेत आणि मग त्यांचे आज्ञांत रूपांतर करावे. ‘पायथन’च्या तिसऱ्या आवृत्तीत चलाला ‘किंमत’ किंवा ‘बेरीज’ असे देवनागरी नावही देता येते. भाषेचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीच राहतात. परीक्षेत व पुढे व्यवसायात इंग्रजी नावांचाच प्रघात आहे, हे ध्यानात ठेवून सुरुवातीच्या सरावापुरता हा मार्ग वापरावा.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज तयार आज्ञावली क्षणात देतात. त्यांच्याकडून त्रुटीचा अर्थ समजून घेण्यास हरकत नाही. पण गृहपाठच त्यांच्याकडून करून घेतल्यास कागदावर चालवून पाहण्याची सवय लागतच नाही, आणि लेखी परीक्षेत ते उघडे पडते.

या विषयात पुढचा प्रत्येक धडा मागच्यावर उभा असतो. चल समजले नसेल तर आवर्तन कळत नाही, आणि आवर्तनाविना सरणी हाताळता येत नाही. म्हणून शंका सत्राच्या अखेरीसाठी राखून ठेवू नये. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच, आपण केलेला कागदावरचा तक्ता हातात घेऊन, प्राध्यापकांना गाठावे.