चित्रपट ‘वाचण्या’चे शिक्षण

चित्रपट तयार करण्याचे शिक्षण आणि चित्रपटाचा अभ्यास या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन ही तंत्रे हस्तगत करावयाची असतात. दुसऱ्यात विद्यार्थ्याला साहित्याच्या वा इतिहासाच्या अभ्यासकाप्रमाणे निरीक्षण, वाचन आणि लेखन करावे लागते. ‘फिल्म स्टडीज’ नावाने ओळखली जाणारी ही विद्याशाखा आपल्या विद्यापीठांत तशी उशिरा आली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ मध्ये तिचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कूल ऑफ आर्ट्स अँड अ‍ॅस्थेटिक्स’मध्येही चित्रपटाचे अध्यापन होते.

इतिहास, सिद्धांत आणि जागतिक चित्रपट हे या अभ्यासाचे तीन प्रमुख भाग. ते परस्परांशी कसे जोडलेले आहेत, हे बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या एकाच चित्रपटाच्या आधारे पाहता येते.

जागतिक चित्रपट

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत नववास्तववादाची चळवळ उदयाला आली. स्टुडिओबाहेरचे चित्रीकरण, सामान्य माणसांचे जगणे आणि अनेकदा अव्यावसायिक कलावंत ही तिची वैशिष्ट्ये. व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्हज’ (१९४८) हे तिचे ठळक उदाहरण होय. १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात हे इटालियन चित्रपट आपल्याकडील दिग्दर्शकांना पाहावयास मिळाले. पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ प्रदर्शित झाला. त्यामुळे जमीन वाचविण्यासाठी कोलकात्यात हातरिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची ही कथा नववास्तववादाच्या प्रभावाचे फलित म्हणून शिकविली जाते.

सिद्धांत

हा वास्तववाद नेमका कशात असतो, हा प्रश्न सिद्धांताच्या कक्षेत येतो. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या मते दोन चित्रचौकटींच्या संघर्षातून अर्थ निर्माण होतो. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी मात्र दीर्घ दृश्याची बाजू घेतली आणि वास्तव शक्यतो अखंड राहू द्यावे, असे मत मांडले. १९७५ मध्ये लॉरा मल्व्ही यांनी कॅमेऱ्याच्या नजरेमागील पुरुषी दृष्टी उघड केली. माधव प्रसाद यांच्या १९९८ मधील ग्रंथाने हिंदी चित्रपटाच्या घडणीचा संबंध राज्यसंस्था आणि समाजरचनेशी जोडला. हातरिक्षाच्या शर्यतीचा प्रसंग यांपैकी कोणत्या दृष्टीने पाहावा, याचा सकारण निर्णय विद्यार्थ्याला करता आला पाहिजे.

इतिहास

इटलीहून आलेल्या प्रभावाची ही मांडणी इतिहासात शिरल्यावर मात्र डळमळू लागते. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात सावकारामुळे जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. म्हणजे इटालियन लाटेच्या वीस वर्षे आधीच आपल्या पडद्यावर हा विषय आला होता. तो कोणत्या शैलीत चित्रित झाला, याची पडताळणी आज करता येत नाही, कारण मूळ चित्रपटाची प्रत उपलब्ध नाही. पेंटर यांनीच १९३६ मध्ये त्याचा बोलपट केला. परंतु बोलपटावरून मूकपटाची शैली सिद्ध होत नाही.

हा अपवाद नव्हे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांपैकी जेमतेम तीसएक शिल्लक असून त्यांतीलही बरेचसे अपूर्ण आहेत. नायट्रेटची फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारमूल्य उरले नाही आणि चांदी मिळविण्यासाठी अनेक रिळे नष्ट करण्यात आली. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर बहुतेक हानी होऊन गेली होती. जानेवारी २००३ मधील आगीत तेथील नायट्रेट रिळांचा मोठा साठाही भस्मसात झाला.

अशा वेळी जाहिराती, चित्रपट-पुस्तिका, परीक्षणे, आत्मचरित्रे, सेन्सॉरच्या नोंदी अशा कागदांतून इतिहास उभा करावा लागतो. यांतील मोठा भाग मराठीत आहे. दादासाहेब फाळके यांनी भारतीय चित्रपटाविषयी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेले लेखही मराठीतच आहेत. विद्यापीठांतील अध्यापन आणि संशोधन प्रामुख्याने इंग्रजीत होत असल्याने ही साधने वाचू शकणारे अभ्यासक थोडे आहेत. मराठी विद्यार्थ्यासाठी येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे.

तयारी कशी करावी?

कोणत्याही शाखेच्या पदवीधराला या विषयाकडे वळता येते. मात्र प्रवेशाचे नियम त्या त्या विद्यापीठाकडून दरवर्षी तपासून घ्यावेत. चित्रपट एकदा कथेसाठी आणि पुन्हा मांडणीसाठी पाहण्याची आणि पाहिल्यावर लगेच टिपण करण्याची सवय लावावी. फिल्म सोसायटीचे सभासदत्व घ्यावे. आशिष राजाध्यक्ष व पॉल विलमन यांचा भारतीय चित्रपटाचा कोश (१९९४) संदर्भासाठी हाताशी असावा. अध्यापन, संशोधन, समीक्षा, महोत्सवांचे संयोजन आणि चित्रपट-जतन ही पुढची क्षेत्रे आहेत. त्यांत जागा मर्यादित असतात, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा. आजी-आजोबांच्या ट्रंकेत जुन्या चित्रपट-पुस्तिका आढळल्यास त्या रद्दीत मात्र देऊ नयेत.