सूचीचा वाचक कोण?

ग्रंथालयाची सूची हाही एक ग्रंथच असतो. इतर ग्रंथ ज्या अक्षरओळखीने वाचायचे तिनेच सूचीही वाचता येते. तिच्यासाठी वेगळी लिपी शिकावी लागत नाही. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधी काळी कोणाला मिळवावी लागली असेल, असे वाटतही नाही. संगणकावरील डेटाबेसच्या इतिहासात मात्र ती प्रयत्नपूर्वक मिळवावी लागली. पुढे एकाच डेटाबेसमध्ये अनेक संस्थांची बिऱ्हाडे नांदू लागली, तेव्हा त्या सूचीचा अर्थच पालटला. हा पालट केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय नाही. 'वर्णन' आणि 'वाचक' यांच्या संबंधाचा जो प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहे, तोच इथे वेगळ्या वेषात उभा राहतो.

१९६०च्या दशकातील डेटाबेस झाडासारखे रचलेले असत. आय.बी.एम.ची अपोलो प्रकल्पाच्या गरजेतून घडलेली आय.एम.एस. ही प्रणाली त्यांतली प्रसिद्ध. कोणती फांदी कोणत्या फांदीला फुटते हे ठाऊक असल्याखेरीज तिथली माहिती हाती लागत नसे, आणि ते ज्ञान प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात व त्याच्या प्रोग्रॅममध्ये मुरलेले असे. १९७०च्या जूनमध्ये एडगर कॉड यांचा प्रबंध 'कम्युनिकेशन्स ऑफ द ए.सी.एम.'मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती यंत्रात कशी रचली आहे हे जाणून घेण्याच्या ओझ्यातून वापरकर्त्याला सोडवावे, ही त्याची मूळ चिंता. सर्व माहिती तक्त्यांत मांडावी, ओळी आणि रकाने एवढेच वाचकाला दिसावे, हा त्यांचा मार्ग.

या मार्गातून एक गोष्ट ओघाने आली. सर्वच माहिती तक्त्यांत ठेवायची, तर 'कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत' ही माहितीही तक्त्यांतच का नसावी? सत्तरच्या दशकात आय.बी.एम.च्या 'सिस्टिम आर'ने आणि बर्कलीच्या 'इन्ग्रेस'ने आपापली सूची अशीच ठेवली. १९८५ साली 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मध्ये कॉड यांनी शून्यापासून बारापर्यंत क्रमांक दिलेले नियम मांडले, तेव्हा चौथा नियम याच सूचीविषयी होता: डेटाबेसचे वर्णन इतर माहितीसारखेच ठेवलेले असावे, आणि अधिकृत वापरकर्त्यांना ते त्याच भाषेत विचारता यावे. त्यातील 'अधिकृत' हे विशेषण सहज डोळ्यांआड होते. पुढचा सारा इतिहास मात्र त्याच विशेषणाचा आहे.

१९९२च्या एस.क्यू.एल. प्रमाणकाने या सूचीला 'इन्फर्मेशन स्कीमा' असे नाव आणि ठरीव रूप दिले. ज्या वस्तूंवर वाचकाचा काही अधिकार आहे तेवढ्याच वस्तू तिच्यात त्याला दिसतात. म्हणजे सूची एकच असली तरी प्रत्येक वाचकापुढे तिची संहिता निराळी. ओरॅकलने हे प्रमाणक स्वीकारले नाही, पण त्याच्या स्वतःच्या कोशातही तीन पायऱ्या आहेत: माझे तक्ते, मला दिसू शकणारे तक्ते आणि सर्व तक्ते. सूचीत असे सर्वनाम शिरले की ती निव्वळ वर्णन राहत नाही. ती कोणाला तरी उद्देशून केलेले कथन होते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वेबवरून सॉफ्टवेअर भाड्याने देण्याचा व्यवसाय उभा राहिला. सेल्सफोर्सची स्थापना १९९९ची. एकाच यंत्रणेवर शेकडो ग्राहकसंस्था, आणि अशा प्रत्येक संस्थेला परिभाषेत 'टेनंट' म्हणजे भाडेकरूच म्हणतात. २००६ साली मायक्रोसॉफ्टच्या तज्ज्ञांनी या वस्तीच्या तीन तऱ्हा सांगितल्या. पहिलीत प्रत्येकाला स्वतंत्र घर, म्हणजे वेगळा डेटाबेस. दुसरीत एकाच वाड्यात निरनिराळी बिऱ्हाडे: डेटाबेस एक, पण प्रत्येकाचा स्कीमा वेगळा. तिसरीत एकाच खोलीत सर्वांच्या पेट्या: तक्तेही सामाईक, फक्त प्रत्येक ओळीवर मालकाची खूण.

दुसरी तऱ्हा अभ्यासकाला सर्वांत उद्बोधक आहे. पोस्टग्रेसमध्ये स्कीमाची सोय २००२ साली आली, इन्फर्मेशन स्कीमा २००३ साली. प्रत्येक बिऱ्हाडात 'ग्राहक' याच नावाचा तक्ता असतो, आणि त्या क्षणी कोणता 'ग्राहक' अभिप्रेत आहे हे 'सर्च पाथ' नावाची एक मांडणी ठरवते. 'इथे', 'माझे' हे शब्द बोलणारा कोण हे कळल्याविना निरर्थक असतात; तक्त्याच्या नावाची गत तीच होते.

या वाड्याची सूची वाचायला गेले की पेच उघड होतो. वेब-ॲप्लिकेशन बहुधा डेटाबेसमध्ये एकाच नावाने शिरते. भाडेकरू शेकडो, पण दारावर येणारा निरोप्या एकच. सूचीने 'वाचक कोण' असे विचारले की दर वेळी तेच उत्तर मिळते, आणि ती सारी बिऱ्हाडे उघडी करते. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र नाव दिले तर इन्फर्मेशन स्कीमा आपले काम चोख करते. परंतु पोस्टग्रेसची अंतर्गत सूची मुळातच सर्वांना वाचता येते, आणि तिच्यात सर्व स्कीमांची नावे असतात. स्कीमाला संस्थेचेच नाव दिले असेल, तर एकही ओळ न वाचता शेजारी कोण राहतो हे कळते. वकिली कचेरी असो की मानसोपचार केंद्र, अमुक सेवा आपण घेतो एवढेही दुसऱ्याला कळू नये असे वाटणारे भाडेकरू असतातच.

त्यात पाठभेदांची भर पडते. तीनशे स्कीमांत एक नवा रकाना घालायचा असताना काम मध्येच तुटले, की काही प्रती नव्या, काही जुन्या उरतात. मग तपासनीस सर्व स्कीमांतील रकान्यांची यादी काढून त्या एकमेकींशी ताडून पाहतो. बदलांची नोंद ठेवणारा एक छोटा तक्ताही बहुधा प्रत्येक स्कीमात असतो, पण त्याचा दर्जा पोथीच्या पुष्पिकेचा. लेखनिकाने शेवटी काय लिहिले यावरून पोथीचा पाठ सिद्ध होत नाही. तो आतून वाचावाच लागतो.

तिसऱ्या तऱ्हेत सूची निराळ्याच रीतीने मुकी होते. सेल्सफोर्सच्या तज्ज्ञांनी २००९ साली आपली रचना प्रसिद्ध केली. सर्व भाडेकरूंची माहिती एका प्रचंड तक्त्यात, आणि त्याच्या रकान्यांची नावे 'व्हॅल्यू-०'पासून 'व्हॅल्यू-५००'पर्यंत. एका संस्थेसाठी जिथे पगार असेल, त्याच रकान्यात दुसरीच्या जन्मतारखा असतील. डेटाबेसची सूची इथे तंतोतंत खरी असते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. अर्थ वेगळ्या तक्त्यांत साठवलेला असतो, आणि त्यांचे वाचन डेटाबेसबाहेरची यंत्रणा वाचकाचा अधिकार पाहून करवते. कॉड यांचा चौथा नियम तिने एक मजला वर पुन्हा बांधला आहे.

पोस्टग्रेसमध्ये २०१६पासून ओळींच्या पातळीवरचे संरक्षण आले. पण ते तक्त्यातील ओळी झाकते. सूची झाकत नाही. म्हणून अशा ठिकाणी स्कीमा तपासणाऱ्याने 'इथे काय आहे' याआधी 'मी कोणाच्या नावाने विचारतो आहे' हे पाहिले पाहिजे. कॉड यांच्या नियमाचा पूर्वार्ध आपण उचलला, कारण तो सोयीचा होता. 'अधिकृत' हा शब्द मात्र प्रत्येक नव्या रचनेबरोबर पुन्हा नव्याने सिद्ध करावा लागतो, आणि तो कुठे गळला तर त्याची किंमत सूची वाचणारा भरत नाही. तिच्यात ज्याचे नाव आहे तो भरतो.