पेंडीतलं तेल गेलं कुठं?

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर कधी गेलाय? समोर म्हैस, डोळ्यादेखत धार, हातात फेसाळ ग्लास. आज गोष्ट त्या ग्लासाची नाही, म्हशीच्या पुढ्यातल्या पाटीची.

दुभत्या म्हशीला आंबोण घालायची आपली रीत जुनी. भिजवलेली सरकी, शेंगपेंड, भुसा. घाण्याच्या पेंडीत तेल बरंच उरायचं, शेकडा 7-8, कधी जास्तच. म्हणजे आपली आज्जी ‘फॅट’ हा शब्द न ऐकताच म्हशीला फॅट खाऊ घालत होती.

मग आलं 1963. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’, सुरू झालं. गावोगावी डेअरीत दूध जाऊ लागलं, आणि डेअरीत म्हशीच्या दुधाचा दर फॅट बघून ठरतो. गंमत बघा, त्याच वर्षी देशातल्या सॉल्व्हंट तेल कारखानदारांची संघटना उभी राहिली. हे कारखाने हेक्झेन वापरून पेंडीतलं उरलंसुरलं तेलही काढून घेतात. मागं राहते ती डीओसी: प्रथिनं भरपूर, तेल जेमतेम शेकडा 1. दुधातल्या फॅटला भाव आला आणि पेंडीतलं फॅट निघून गेलं!

मग वरून तेल ओतायचं का? थांबा. डुकराचं पोट एका कप्प्याचं, त्याला तेलकट खाणं सरळ पचतं. इतकं सरळ, की भुईमूग खाल्लेल्या डुकरांची चरबीच मऊ पडते, हे 1920 च्या दशकात अमेरिकेत तपासलं गेलं. म्हशीचं तसं नाही. तिच्या कोठीपोटात वैरण पचवणारे जिवाणू असतात. तेल जास्त झालं की ते दबतात, आणि दुधाचं फॅट उलट उतरतं.

तोडगा निघाला 1980 च्या दशकात, अमेरिकेतल्या ओहायोत. संशोधकांनी चरबी कॅल्शियमशी बांधली. ती कोठीपोटातून तशीच पुढं सरकते आणि नंतर पचते. हेच ‘बायपास फॅट’.

हे कशाला हवं? व्याल्यावर पहिले दोन-तीन महिने जास्त दुधाची म्हैस खाते कमी, देते जास्त. अंग झडतं, माज लांबतो, भाकड दिवस वाढतात. गरिबाचा गोठा तिथंच बुडतो. अशा म्हशीला तेव्हा दिवसाला 100-150 ग्रॅम पुरतं.

पेंडीबरोबर आपोआप यायचं ते आता वेगळ्या पिशवीत विकत घ्यावं लागतं. म्हणून खाद्य घेताना पोत्यावर प्रथिनांबरोबर स्निग्धांश किती छापलाय, तेही वाचा. भेटू पुढच्या भागात!